पोस्टाच्या तिकिटांवरील संतकथा

पोस्टाचे तिकीट ही जन्मतः निव्वळ व्यवहाराची वस्तू होय. १८४० साली इंग्लंडात रोलंड हिल यांच्या योजनेनुसार पहिले तिकीट निघाले, तेव्हा त्यावर व्हिक्टोरिया राणीचे मस्तक आणि एक पेनी ही किंमत, एवढेच होते. पत्राचे हशील सरकारला पोचले, याची ती पावती. परंतु सुमारे अर्धशतक लोटल्यावर निरनिराळ्या सरकारांच्या ध्यानात आले की, ही पावती घरोघर जाते, परदेशी जाते, मुले ती जपून ठेवतात. तेव्हा तिच्यावर आपल्या देशाची थोरवी का छापू नये? मग तिकिटांवर वीर आले, जहाजे आली, मंदिरे आली आणि संतही आले.

संताचे चित्र तिकिटावर आले म्हणजे एक मौजेची अडचण उभी राहते. अंगठ्याएवढ्या कागदावर एका सबंध आयुष्याला जागा कोठली? चित्रकाराला त्या आयुष्यातली एकच खूण निवडावी लागते. त्या खुणेच्या मागे बहुधा एक आख्यायिका असते. आख्यायिकेच्या मागे, कधी जवळ तर कधी फार दूर, काही इतिहास असतो. आणि कडेला जे सरकारचे नाव छापलेले असते, त्याच्या मागे त्या सरकारचा एखादा हेतू असतो. खूण, कथा, इतिहास आणि हेतू ही चारही अंगे वेगवेगळी ओळखता आली, तरच असे तिकीट पुरते वाचले असे म्हणता येईल. ख्रिस्ती संतांची जी तिकिटे गोव्याच्या पोर्तुगीज सरकारने आणि पुढे भारत सरकारने काढली, त्यांवरून ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

प्रथम खुणेचा विचार करू. बुलढाणा जिल्ह्यात मलकापूर-नांदुरा रस्त्यावर वडनेर भोलजी हे गाव आहे. तेथील अक्षरओळख नसलेल्या एखाद्या वृद्ध स्त्रीपुढे दिगंबर बैठकीचे आणि हाती चिलीम असलेले चित्र ठेवले, तर हे त्याच जिल्ह्यातल्या शेगावचे गजानन महाराज, हे ती नाव न वाचता सांगेल. चिलमीबरोबर तिला विस्तवावाचून चिलीम पेटल्याची कथाही आठवेल. भिंतीवर बसलेली चार भावंडे दिसली की ज्ञानेश्वर, पाण्यावर तरंगत्या वह्या दिसल्या की तुकाराम, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून द्यावे लागत नाही. युरोपातील देवळांची गरज हीच होती. तेथील सामान्य उपासक शतकानुशतके निरक्षर होता. म्हणून चित्रकारांनी प्रत्येक संताला एकेक खूण नेमून दिली. किल्ल्या हाती असल्या की पीटर, मोडके चाक जवळ असले की कॅथरिन, खांद्यावर बालक घेऊन नदी ओलांडणारा धिप्पाड पुरुष दिसला की ख्रिस्तोफर. तिकिटांच्या चित्रकारांना ही तयार लिपी आयती मिळाली.

आता कथा आणि इतिहास यांतील अंतर पाहू. ते सर्वत्र सारखे नसते. चौथ्या शतकातील मार्टिन हे रोमन सैन्यात असताना अमिएँ नगराच्या वेशीत थंडीने कुडकुडणारा एक भिकारी त्यांना भेटला. त्यांनी तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. ही कथा लिहिणारे सुल्पिसियस सेव्हेरस हे मार्टिन यांना प्रत्यक्ष भेटलेले गृहस्थ होते. येथे कथा इतिहासाच्या अगदी शेजारी उभी आहे. उलट १९२९ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय टपाल परिषदेप्रीत्यर्थ ब्रिटिश सरकारने जे एक पौंडाचे सुप्रसिद्ध तिकीट काढले, त्यावर घोड्यावरून भाल्याने नागासुराला विंधणारे संत जॉर्ज आहेत. लिबिया देशातील एका नगरीत रोज बळी मागणारा नागासुर, त्याच्या तोंडी जाणारी राजकन्या आणि तिला सोडवणारा वीर, ही कथा युरोपात दूरवर पसरली ती तेराव्या शतकातील एका संतकथासंग्रहामुळे. आणि जॉर्ज होऊन गेले ते त्यापूर्वी सुमारे हजार वर्षे. एकचक्रा नगरीतील बकासुराची आठवण करून देणारी ही कथा इतिहासापासून फार लांब आहे. खुद्द रोमच्या धर्मपीठाने १९६९ साली आपल्या पंचांगाची फेरतपासणी केली, तेव्हा ख्रिस्तोफर यांचा सण सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि जॉर्ज यांचा ऐच्छिक ठेवला. म्हणजे श्रद्धेच्या घरातही कथा आणि इतिहास यांची वेगळी मोजदाद चालते. ती केवळ नास्तिकांची उठाठेव नव्हे.

पोर्तुगालने १८९५ साली संत अँथनी यांच्या जन्माच्या सातशेव्या वर्षानिमित्त एक मालिका काढली. लिस्बनला ११९५ साली जन्मलेले आणि १२३१ मध्ये पाडुआ येथे वारलेले हे फ्रान्सिस्कन प्रवचनकार. या मालिकेत अँथनी माशांना प्रवचन सांगत असल्याचे चित्र आहे. रिमिनी नगरातील माणसे ऐकेनात, तेव्हा ते पाण्याकाठी गेले आणि माशांना बोलावू लागले. मासे पाण्याबाहेर डोकी काढून रांगेने ऐकत राहिले, आणि ते पाहून नगरजन लाजले, अशी आख्यायिका आहे. पैठणला रेड्यामुखी वेद वदविल्याची कथा ज्याने ऐकली आहे, त्याला या कथेचा रोख निराळा सांगण्याची गरज नाही. ज्ञानाचा अहंकार धरणाऱ्यांपुढे मुका प्राणी उभा करावयाचा, ही युक्ती दोन्हीकडे एकच आहे.

या तिकिटांची आणखी एक गंमत अशी की, त्यांच्या पाठीवरही मजकूर आहे. अँथनी यांची कबर १२६३ साली उघडली असता देहाची माती झालेली, परंतु जीभ मात्र ताजी आढळली, अशी परंपरा आहे. त्या वेळी संत बोनाव्हेंचर यांनी त्या जिभेची जी स्तुती केली, ती लॅटिन भाषेत या तिकिटांच्या मागे छापलेली आहे. डिंकाची बाजू जिभेने ओली करणाऱ्या सामान्य पोर्तुगीजाला आपण कोणत्या स्तोत्रावर जीभ फिरवीत आहो, याची कल्पना असो वा नसो, सरकारने योजना मोठी समर्पक केली होती.

मराठी वाचकाला अँथनी वाटतात तितके परके नाहीत. १६५५ साली गोव्यात आंतोनियो द साल्दान्या या जेझुइट पाद्र्याने लिहिलेले त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले; त्यातील गद्य कोकणी आणि पद्य मराठी आहे. त्यापूर्वी १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण गोव्यातच छापले गेले होते. बार्देशातील शिवोली गावच्या चर्चमध्ये अँथनी यांची जी मूर्ती आहे, तिच्या हाती दोरीला बांधलेला साप दाखविलेला आहे. देऊळ बांधताना साप निघून कामकरी भ्याले, तेव्हा मूर्तीच्या हाती दोर दिला आणि साप त्या दोरात अडकला, असे गावकरी सांगतात. पाडुआच्या अँथनी यांना सापाशी काही कर्तव्य नव्हते. शिवोलीच्या अँथनी यांना मात्र आहे. संत जेथे जातात, तेथील भीतीचे निवारण करण्याचे काम त्यांच्याकडे येते. आख्यायिका कशी वाढते, याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

आता या विषयातील मुख्य व्यक्तीकडे, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म १५०६ साली नवारमधील. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले. पुढच्या दहा वर्षांत दक्षिण किनारा, मलाक्का, मोलुक्का बेटे आणि जपान असा प्रवास करून ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यानजीक एका बेटावर वारले. त्यांचे संतपद १६२२ साली जाहीर झाले. पोर्तुगीज सरकारने १९३१ साली गोव्यात त्यांच्या देहाचे दर्शन खुले केले, त्या वेळी खास तिकिटे काढली. १९४६ च्या मालिकेतही त्यांचे चित्र होते. आणि १९५२ साली, मृत्यूला चारशे वर्षे झाली तेव्हा, पुन्हा निराळी मालिका निघाली. या शेवटच्या मालिकेत तीन चित्रे आहेत: एकावर त्यांचा पुतळा, दुसऱ्यावर त्यांचा चमत्कारी हात आणि तिसऱ्यावर त्यांची समाधी.

सुटा हात तिकिटावर का यावा, असा प्रश्न अपरिचित माणसाला पडेल. याची हकीकत अशी. झेवियर यांना त्या बेटावर चुना घालून पुरले होते. सुमारे अडीच महिन्यांनी, १५५३ च्या फेब्रुवारीत, पेटी उघडली असता देह विघटित झालेला नव्हता, असे पाहणाऱ्यांनी सांगितले. तो प्रथम मलाक्केस आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यास आणण्यात आला. १६१४ साली उजवा हात कोपराखाली कापून रोमला पाठविण्यात आला व तेथील जेझुइटांच्या मुख्य चर्चमध्ये तो ठेवला आहे. ज्या हाताने असंख्य लोकांना बाप्तिस्मा दिला तो हात, म्हणून त्याला महत्त्व. या श्रद्धेचा उगम मात्र स्वच्छ कागदपत्री आहे. १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीनहून लिहिलेल्या पत्रात झेवियर स्वतःच सांगतात की, बाप्तिस्मा देता देता हात दमून जातात. आणि पुढच्या वर्षीच्या पत्रात एका महिन्यात दहा हजारांहून अधिक लोकांना बाप्तिस्मा दिल्याचे ते लिहितात. दमलेल्या माणसाचा हात पुढे चमत्कारी हात झाला, आणि चारशे वर्षांनी तिकिटावर छापला गेला.

सर्वच आख्यायिकांना असा आधार मिळत नाही. काहींना तर खुद्द संतांचेच शब्द बाध आणतात. झेवियर ज्या देशी जात, तेथील भाषा त्यांना दैवी कृपेने अवगत होई, असे पुढच्या चरित्रकारांनी लिहिले. परंतु त्यांची पत्रे पाहावी तर भाषा येत नसल्याची तक्रार पानोपानी आढळते. तमिळ प्रार्थना दुभाष्यांकडून भाषांतरित करवून, पाठ करून, ते घंटा वाजवीत गल्लोगल्ली मुलांना शिकवीत. येथे विचार करू जाता, कोणते चित्र अधिक मोठे? क्षणात सर्व भाषा येणारा सिद्धपुरुष की परक्या भाषेतली अक्षरे घोकणारा, दमणारा, चुकणारा मनुष्य? आख्यायिका गौरव करावयास जाते आणि पुष्कळदा खरे कष्टच झाकून टाकते.

खेकड्याची कथा याहून सौम्य आहे. मोलुक्का बेटांत वादळ शांत करण्यासाठी झेवियर यांनी गळ्यातला क्रूस पाण्यात बुडविला, तो हातचा सुटला. दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर एका खेकड्याने तो आपल्या नांग्यांत धरून आणून दिला, असे बरोबर असल्याचे सांगणाऱ्या एका पोर्तुगीजाने साठेक वर्षांनी साक्षीत सांगितले. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मिळणाऱ्या एका जातीच्या खेकड्याच्या पाठीवर क्रुसासारखी आकृती असते, ती याच प्रसंगाची निशाणी, असे कोळी बांधव मानतात. निसर्गातील खूण आधी दिसते आणि तिला शोभणारी कथा मागाहून येऊन बसते, हा प्रकार सर्व धर्मांत आहे. रामायणातील खारीच्या पाठीवरील रेघा हे त्याचे घरगुती उदाहरण.

या कथांच्या बरोबरीने एक कठोर ऐतिहासिक गोष्टही सांगितली पाहिजे. १५४६ साली आंबोइना बेटावरून पोर्तुगालच्या राजास लिहिलेल्या पत्रात झेवियर यांनी गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापण्याची विनंती केली होती. ते त्यांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १५६० साली, स्थापन झाले, आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याने गोव्यातील नवख्रिस्ती आणि हिंदू या दोहोंवर जी दहशत बसविली, तिची आठवण अद्याप बुजलेली नाही. ही गोष्ट कोणत्याही तिकिटावर नाही, आणि असणारही नाही. तिकीट गौरवासाठी असते. गौरवाबाहेर जे राहते, ते शोधण्याचे काम वाचकाचे आहे. तसेच, ज्या हजारो गोमंतकीयांना आज हे संत आपल्या घरातील वडीलधारे वाटतात, ज्यांच्या सणाला ख्रिस्ती शेजाऱ्यांबरोबर हिंदूही जातात, त्यांची भक्ती त्या एका पत्राने खोटी ठरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी मनात बाळगण्याची सवय शिकलेल्या माणसाला हवी.

पोर्तुगीज सरकारची दुसरी निवड याहून निराळी होती. १९५१ साली त्याने पाद्री जुझे वाझ यांच्या जन्माच्या तीनशेव्या वर्षानिमित्त मालिका काढली. हे अस्सल गोमंतकीय. सासष्टीतील बाणावली येथे २१ एप्रिल १६५१ रोजी त्यांचा जन्म झाला, घराणे सांकवाळचे. त्या मालिकेत त्यांच्या चित्राबरोबर सांकवाळच्या भग्न चर्चचेही चित्र आहे. डचांनी सिंहलद्वीपात रोमन पंथाच्या पाद्र्यांना बंदी केली होती. तेव्हा १६८७ साली वाझ अनवाणी, भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला उतरले. पुढे कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना बंदीत टाकले. यानंतरची आख्यायिका अशी. मोठा दुष्काळ पडला. सर्व उपाय थकल्यावर राजाने वाझ यांना प्रार्थना करण्यास सांगितले. त्यांनी चौकात वेदी मांडून क्रुसापुढे गुडघे टेकले. पाऊस कोसळला, सर्व नगर भिजले, परंतु वेदी आणि वाझ यांच्यावर थेंबही पडला नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीच्या कथेपासून थेट गावोगावच्या वरुणयज्ञांपर्यंत दुष्काळ आणि संत यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. पावसाची ही कथा कोणी मानावी किंवा मानू नये. परंतु तिच्यामागे जो इतिहास आहे, तो मानल्यावाचून गत्यंतर नाही. १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. लोक घरच्या रोग्यांना टाकून पळाले. तेव्हा वाझ यांनी रोग्यांची शुश्रूषा केली, टाकलेल्यांना निवारा दिला, मेलेल्यांना माती दिली. बौद्ध राजाने परधर्मी पाद्र्याला आपल्या राज्यात मोकळीक दिली, तिचे मर्म या सेवेत आहे. १७११ च्या जानेवारीत ते कँडी येथेच वारले. रोमने त्यांना धन्य म्हणून घोषित केले १९९५ साली, आणि संतपद दिले १४ जानेवारी २०१५ रोजी. म्हणजे तिकिटाने पोपच्या घोषणेपूर्वी चौसष्ट वर्षे त्यांचा सन्मान केला होता. १९४६ च्या मालिकेतील जुआंव द ब्रिटो यांचेही असेच. तमिळ देशात ते संन्याशाच्या वेशात राहून शाकाहार पाळीत. १६९३ साली ओरियूर येथे त्यांचा शिरच्छेद झाला, आणि तेथील तांबडी वाळू त्यांच्याच रक्ताने रंगली, असे लोक मानतात. त्यांना संतपद मिळाले १९४७ साली, तिकिटाच्या पुढच्या वर्षी.

येथे चौथे अंग, म्हणजे सरकारचा हेतू, उघड दिसू लागतो. १९४७ साली भारत स्वतंत्र झाला आणि गोव्याचा प्रश्न उभा राहिला. १९५१ साली पोर्तुगालने आपल्या राज्यघटनेत फेरफार करून वसाहतींना सागरापलीकडचे प्रांत असे नाव दिले. गोवा ही वसाहतच नव्हे, तर पोर्तुगालचाच भाग, असे जगाला सांगावयाचे होते. त्याच वर्षी वाझ यांची आणि पुढच्या वर्षी झेवियर यांची मालिका निघाली. निमित्ते खरीच होती, तारखा कोणी बनविल्या नव्हत्या. तथापि निमित्ताचा उपयोग कसा करावा, हे सरकारच ठरविते. संताच्या डोक्यावर पोर्तुगीज राज्याचे नाव छापले गेले की पत्र उघडणाऱ्याच्या मनात भक्ती आणि राजनिष्ठा यांची सरमिसळ व्हावी, ही अपेक्षा असणारच.

लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, त्याच १९५२ च्या १ ऑक्टोबरला भारत सरकारनेही संतकवींची मालिका काढली. तीत कबीर, तुलसीदास, मीराबाई आणि सूरदास यांच्याबरोबर गालिब आणि रवींद्रनाथ ठाकूर होते. एकाच वर्षी, एकाच पश्चिम किनाऱ्यावर, सरहद्दीच्या अलीकडे व पलीकडे, दोन सरकारे संतांच्या मुखाने बोलत होती. एक म्हणत होते की आमचे नाते चारशे वर्षांचे. दुसरे म्हणत होते की आमचे राष्ट्र सर्व भाषांचे आणि सर्व पंथांचे. मीरेच्या विषाच्या प्याल्याची कथाही आख्यायिकाच आहे, आणि कबिरांच्या देहाची फुले झाल्याचीही. आपल्या बाजूच्या तिकिटात हेतू नसतो आणि परक्याच्याच तिकिटात असतो, असे समजणे हा भाबडेपणा होईल. हेतू दोहोंतही होता. कोणता हेतू अधिक उदार, हे मात्र वाचकाने अवश्य ठरवावे.

स्वतंत्र भारताने पुढे ज्या ख्रिस्ती संताला तिकिटावर आणले, ते होते ख्रिस्ताच्या बारा शिष्यांपैकी थॉमस. मुंबईत आंतरराष्ट्रीय धर्ममेळा भरला आणि पोप सहावे पॉल त्यासाठी आले, त्या दिवशी, म्हणजे २ डिसेंबर १९६४ रोजी, हे पंधरा पैशांचे तिकीट निघाले. थॉमस यांची कथा सर्वांत जुनी आणि कदाचित सर्वांत गोड आहे. तिसऱ्या शतकातील एका सिरियाक ग्रंथात ती आहे. शिष्यांनी जग वाटून घेण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या; थॉमस यांच्या वाट्याला हिंदुस्थान आला; ते जाईनात, तेव्हा प्रभूने त्यांना एका व्यापाऱ्यास सुतार म्हणून विकले. गोंडोफारिस राजाने त्यांना राजवाडा बांधण्यास द्रव्य दिले. थॉमस यांनी ते सर्व गोरगरिबांत वाटून टाकले. राजाने विचारले, वाडा कोठे आहे? उत्तर मिळाले, तो परलोकी बांधला आहे. राजाने त्यांना तुरुंगात घातले. इतक्यात राजाचा भाऊ मरण पावला, त्याने स्वर्गात तो वाडा पाहिला, आणि पुन्हा जिवंत होऊन त्याने ते राजाला सांगितले. म्हणून चित्रांत थॉमस यांच्या हाती सुताराचा गुण्या असतो, आणि ज्या शस्त्राने त्यांचा वध झाला तो भालाही. सरकारी धान्याचे कोठार दुष्काळात लुटविणाऱ्या दामाजीची कथा सांगणाऱ्या महाराष्ट्राला हा सुतार आपला वाटावा, यात नवल नाही.

या कथेत इतिहासाने एक चमत्कार केला आहे. गोंडोफारिस हे नाव कैक शतके या कथेखेरीज जवळजवळ कोणास ठाऊक नव्हते. तो काल्पनिक राजा असावा, असे विद्वान मानीत. एकोणिसाव्या शतकात वायव्य सरहद्दीकडे त्याची नाणी सापडली, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात असा राजा खरोखर होता, हे ठरले. यावरून थॉमस तेथे आले हे सिद्ध होत नाही. परंतु आख्यायिकेला सरसकट थापा म्हणणाऱ्यांनी सावध व्हावे, इतका धडा नक्कीच मिळतो. दुसरी परंपरा केरळची. इ. स. ५२ मध्ये थॉमस कोडुंगल्लूरजवळ उतरले आणि ७२ मध्ये मद्रासजवळ मैलापूरला मारले गेले, असे तेथील प्राचीन ख्रिस्ती घराणी मानतात. त्या मृत्यूच्या एकोणिसाव्या शतसांवत्सरिकाचे तिकीट भारताने १९७३ साली काढले. १९६४ च्या तिकिटावरील चित्र मात्र इटलीतील ओर्तोना येथील पुतळ्यावरून घेतलेले आहे, कारण थॉमस यांच्या अस्थी मैलापूरहून एडेसा, तेथून कियोस बेट आणि १२५८ साली ओर्तोना असा प्रवास करीत गेल्या, असे मानतात. या निवडीचा अर्थ सरळ आहे: ख्रिस्ती धर्म या देशात वास्को द गामाच्या जहाजातून प्रथम आला नाही, तो त्याच्या पुष्कळ आधीपासून येथे आहे, तेव्हा भारतीय ख्रिस्ती माणूस परकीय सत्तेचे शेपूट नव्हे.

यानंतर १९७४ साली भारत सरकारने गोव्यातील झेवियर यांच्या समाधीचे तिकीट काढले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला होता. जी समाधी १९५२ साली पोर्तुगीज नावाखाली छापली गेली, तीच बावीस वर्षांनी भारताच्या नावाखाली छापली गेली; आणि त्याच १९७४ च्या ३१ डिसेंबरला पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे स्वामित्व करारान्वये मान्य केले. समाधी जागची हलली नव्हती. तिची संगमरवरी बैठक तस्कनीच्या ड्यूकने दिली, ती १६९८ साली बसविली गेली. वरची चांदीची पेटी त्याआधी, १६३६-३७ मध्ये, गोव्याच्याच सोनारांनी घडविली. तिच्यावरील चरित्रप्रसंग ठोकणारे हात या मातीतले होते. राज्ये बदलली, तिकिटावरील नाव बदलले. कारागिरी आणि भक्ती जिच्या तिच्या ठिकाणी राहिली. देहाचे सार्वजनिक दर्शन साधारणतः दर दहा वर्षांनी होते, आणि २०२४ च्या नोव्हेंबरापासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत ते पुन्हा झाले.

अलीकडच्या काळातील दोन नावे घेऊन हा विषय आटोपता घेता येईल. केरळातील सिस्टर अल्फोन्सा यांचे तिकीट १९९६ साली निघाले. संतपद मिळाले २००८ मध्ये. लग्न टळावे म्हणून त्यांनी लहानपणी आपला पाय धगधगत्या राखेत घातला, ही आख्यायिका नसून घडलेली गोष्ट आहे. मदर तेरेसा यांचे तिकीट तर त्या हयात असताना, नोबेल पारितोषिकाच्या पुढच्या वर्षी, १९८० साली निघाले आणि संतपद २०१६ मध्ये मिळाले. त्यांना खुणेसाठी आख्यायिका शोधावी लागली नाही. निळ्या काठाची पांढरी साडी एवढी खूण पुरली. तीन-चारशे वर्षांनी त्या साडीभोवती कोणत्या कथा विणल्या जातील, हे सांगता येणार नाही. पण विणल्या जातील, यात शंका नाही.

घरातील मुलाने तिकिटांचा संग्रह दाखवायला आणला, तर वडील मंडळींनी त्याला एवढेच शिकवावे. प्रथम हातातली खूण विचारावी. मग तिची कथा पूर्ण सांगावी, मध्येच चमत्कार खोडून काढू नये, कारण कथा ऐकल्यावाचून तिचा अर्थ कळत नाही. नंतर, यातले कागदोपत्री काय आहे, हे वेगळे करून दाखवावे. शेवटी तिकिटाच्या कडेवरचे सरकारचे नाव आणि साल वाचावयास लावावे, आणि त्या साली तेथे काय चालले होते, हे शोधावयास सांगावे. झेवियर यांचा दमलेला हात, वाझ यांनी उचललेले देवीचे रोगी, अँथनी यांच्या हातचा शिवोलीचा साप, यांतले चमत्कार ज्याचे त्याने ठरवावेत. शेजाऱ्याच्या देव्हाऱ्यातली मूर्ती कोणाची आणि तिच्या हाती तेच का, हे माहीत असणे मात्र एका गावात, एका देशात राहणाऱ्यांना आवश्यक आहे.